ज्वालामुखी : प्रकार आणि उद्रेक

ज्वालामुखीचे जागृत, निद्रिस्त व मृत असे तीन प्रकार असतात, हे वाक्य आपण शाळेपासून लिहीत आलो आहोत. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. परंतु या विषयाचे थोडे अधिक वाचन केल्यावर मला असे वाटू लागले की, ही वर्गवारी ज्वालामुखीच्या स्वभावाविषयी फारसे काहीच सांगत नाही. अंदमानातील बॅरन बेटावरचा ज्वालामुखी एकोणिसाव्या शतकात शांत झाला आणि १९९१ साली पुन्हा जागा झाला. फिलिपाइन्समधील पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षे निजलेला होता. त्यानेही १९९१ च्याच जून महिन्यात आपला माथा उडवून दिला. तेव्हा 'निद्रिस्त' म्हणजे नेमके काय समजावे?

उद्रेक सौम्य होणार की स्फोटक, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : शिलारसातील सिलिकेचे प्रमाण आणि त्यात कोंडलेले वायू. सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल, तर रस पातळ असतो. वायू सहज निसटतात आणि लाव्हा दूरवर वाहत जातो. सिलिका साठ टक्क्यांच्या पुढे गेली की रस चिकट होतो. वायूला वाट मिळत नाही, दाब वाढत जातो आणि अखेर सोडावॉटरची बाटली हलवून एकदम उघडावी तसा स्फोट होतो.

पर्वताचा आकारही यातूनच घडतो. हवाई बेटांवरील मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, पण पातळ लाव्हाच्या थरांमुळे त्याचे उतार इतके मंद आहेत की तो जमिनीवर पालथ्या टाकलेल्या ढालीसारखा दिसतो. याउलट जपानचा फुजियामा किंवा इटलीचा व्हेसुव्हियस हे राख आणि लाव्हा यांच्या आलटूनपालटून बसलेल्या थरांचे उभे शंकू होत. उद्रेकांना नावेही अशीच स्थळांवरून व माणसांवरून पडली आहेत. शांतपणे वाहणारा तो हवाई प्रकार. थोड्या थोड्या वेळाने निखारे उडवणारा तो स्ट्राँबोली प्रकार. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडले, त्याचे वर्णन धाकट्या प्लिनीने पत्रांतून लिहून ठेवले. म्हणून राखेचा प्रचंड स्तंभ आकाशात चढवणाऱ्या उद्रेकास प्लिनियन म्हणतात.

ज्वालामुखी माणसे मारतो ती लाव्हाने, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मला ती तपासून पाहावीशी वाटली. लाव्हापासून माणूस बहुधा चालतही दूर जाऊ शकतो. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरील पेले पर्वतातून तप्त वायू व राख यांचा जड लोट उतारावरून खाली आला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत नष्ट झाले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मेली. जे मोजके वाचले, त्यांत जाड भिंतींच्या कोठडीत ठेवलेला एक कैदी होता! या प्रकारास पेलियन उद्रेक म्हणतात.

१३ नोव्हेंबर १९८५ ची कोलंबियातील घटना मला याहूनही अस्वस्थ करते. नेवादो देल रुइझ या पर्वताचा उद्रेक तसा लहानच होता. पण त्याच्या उष्णतेने माथ्यावरील बर्फ वितळले आणि चिखल व दगडगोटे यांचा लोंढा नद्यांच्या पात्रांतून सुटला. आर्मेरो गावी पोहोचायला त्याला सुमारे अडीच तास लागले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झालेला होता आणि त्यात हे गाव धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते. तरीही गाव हलवले गेले नाही. एकूण सुमारे तेवीस हजार माणसे दगावली. पिनाटुबोचा उद्रेक याच्या कितीतरी पट मोठा, पण तेथे हजारो लोक आधीच हलवल्यामुळे वाचले.

आता आपल्या पायाखालचे. सह्याद्रीतील एखादे शंकूसारखे शिखर दाखवून 'हा विझलेला ज्वालामुखी' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. लोणारच्या सरोवराविषयीही तसेच बोलले जाते. लोणारचे विवर उल्कापाताने झालेले आहे आणि सह्याद्रीची शिखरे ही झिजेतून उरलेली आहेत. दख्खनचा लाव्हा प्रामुख्याने एका मुखातून न येता जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला. असा भेगी उद्रेक माणसाने पाहिला तो आइसलँडमध्ये : १७८३ साली लाकी येथे सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग आठ महिने वाहत होती. विषारी वायूंनी गवत नासले, गुरे मेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशातील सुमारे एक पंचमांश लोक गेले. दख्खनचे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. आजही त्यांचा कातळ जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. वेरूळ आणि अजिंठा याच कातळात कोरलेले आहेत.

घाटातून जाताना कड्यावर काळ्या थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा अरुंद पट्टा दिसतो, तो अवश्य पाहावा. एक थर निवाला, ऊनपावसाने त्याची माती होऊ लागली आणि मग वरून पुढचा लाव्हा आला. दोन उद्रेकांमध्ये गेलेला काळ त्या तांबड्या रेघेत आहे.