लाटांपासून वीज : खर्चाचा हिशेब

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेचे जे पाणी आपण पाहतो, ते वरच्या अंगास असलेल्या बरगी धरणाकडून आलेले असते. त्या धरणाच्या वीजगृहाची क्षमता ९० मेगावॅट आहे. हेच पाणी पुढे अरबी समुद्रास मिळते. तेथे तर लाटा रात्रंदिवस उसळत असतात. मग त्यांची वीज आपल्या घरी का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात थोडे आणि अर्थशास्त्रात अधिक सापडते.

लाटेतील शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची चौपट झाली की शक्ती सोळापट होते. दीड मीटर उंचीच्या लाटांवर चालणारे यंत्र वादळात सहा मीटर उंचीच्या लाटांपुढेही टिकले पाहिजे. म्हणजे खर्च करावयाचा वादळाच्या मापाने आणि मिळकत घ्यावयाची रोजच्या लाटेच्या मापाने! सारी अडचण येथेच आहे.

केरळात विझिंजम येथे मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९१ साली १५० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्र उभारले. त्यासाठी काँक्रीटची एक प्रचंड पोकळ पेटी समुद्रतळावर बसविण्यात आली. लाट आत शिरली की पेटीतील पाणी चढून वरची हवा बाहेर लोटली जाई. लाट ओसरली की हवा आत ओढली जाई. हवा कोणत्याही दिशेने वाहो, वेल्स टर्बाइन मात्र एकाच दिशेने फिरे. लाटेपासून वीज मिळते हे यावरून सिद्ध झाले; परंतु बरगीची क्षमता गाठावयाची तर अशी सहाशे केंद्रे उभारावी लागतील.

शिवाय लाटा पावसाळ्यात जोरदार, तर हिवाळ्यात मंद असतात. १५० किलोवॅटचे जनित्र वर्षभर पूर्ण शक्तीने चालले, तर १३,१४,००० युनिट वीज मिळेल. समजा, सरासरी उत्पादन एक तृतीयांशच झाले, तर मिळतील ४,३८,००० युनिट. भांडवल, व्याज व घसारा यांत काहीच कपात होत नाही. म्हणून या खर्चाचा प्रत्येक युनिटावरील भार तिप्पट होतो. त्यात खारे पाणी लोखंड खाते आणि खवळलेल्या समुद्रात दुरुस्तीची नाव जाऊ शकत नाही.

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २००८ साली सुरू झालेली पेलामिस यंत्रे काही महिन्यांतच बाहेर काढावी लागली. उलट स्पेनमधील मुत्रिकू येथे २०११ साली बंदराच्या लाटरोधक भिंतीतच टर्बाइने बसविली गेली. भिंत बंदरासाठी बांधावयाचीच होती. त्यामुळे बांधकामाचा बराचसा भार विजेवर पडला नाही. काटकसरीची वाट ती हीच.

तथापि ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा. बरगीच्या जलाशयाखाली १६२ गावांची जमीन पूर्णतः वा अंशतः गेली. ती किंमत विजेच्या देयकावर छापलेली नसते. लाट कोणाचे शेत बुडवीत नाही. पण तिच्या विजेची सारी किंमत प्रारंभीच रोख मोजावी लागते. दोन्ही विजांची तुलना करताना वहीतील आणि वहीबाहेरील, असे दोन्ही खर्च मांडले, तरच हिशेब पुरा होतो.