आधी कॅलेंडर, मग टॅटू

पावसाळा सुरू झाला की पुण्यात नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो, आणि त्याच सुमारास टॅटूच्या दुकानांतही पथकातल्या पोरापोरींची गर्दी वाढते. कुणाला दंडावर शिवमुद्रा हवी असते, कुणाला मनगटाजवळ पथकाचं बोधचिन्ह, कुणाला आईबाबांचं नाव. मिरवणुकीत बाह्या दुमडल्या की दिसायला हवा, म्हणून सगळ्यांना तो गणपतीच्या आधीच हवा असतो. मीही त्याच गर्दीतली. आता नवीन मुलं सल्ला विचारायला येतात तेव्हा डिझाइन बघण्याआधी मी एकच विचारते : पुढचे तीन-चार आठवडे मोकळे आहेत का?

टॅटूची अपॉइंटमेंट दोन तासांची असली तरी काम तेवढ्यात संपत नाही. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, तिथे रंग टिकत नाही. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, रंग सोडते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात आणि नक्षी राहते. पण तिथवर पोहोचण्यासाठी सुईने त्वचेला हजारो भोकं पाडलेली असतात. ती जखम वरून भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतून पूर्ण बरी व्हायला काही महिने. त्या आठवड्यांत तिला घाम, घर्षण, ऊन आणि साचलेलं पाणी नको असतं. ढोलवादनात यातलं काय नसतं ते सांगा.

माझा टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूला होता. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप. प्रत्येक थापेला तोच भाग ढोलाच्या कडेवर घासतो. हे मी दुकानात सांगितलं होतं. उत्तर आलं, “ताई, दोन दिवसांत सगळं ओके. फक्त प्लास्टिक काढू नका, म्हणजे पावसाचं पाणी लागणार नाही.” स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायला वापरतात तसलंच ते प्लास्टिक. त्याच्या आत घाम आणि जखमेतून पाझरणारं पाणी साचत राहिलं. हात सुजला, लाली कोपराकडे सरकू लागली, मग अंगात कणकण आली. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात बघितला आणि आधी पेनाने लालीच्या कडेभोवती रेघ मारली. म्हणाल्या, “उद्या लाली या रेघेच्या बाहेर गेली तर वाट बघायची नाही, सरळ यायचं.” प्रतिजैविकं घेऊन हात बरा झाला, पण त्या वर्षी मिरवणूक मी कडेला उभी राहून पाहिली. नक्षीतली एक रेघ खपलीबरोबर गेली ती गेलीच. पुढे हिवाळ्यात, दुसरीकडे, ती भरून घेतली, आणि तेव्हा कळलं की नीट केलेलं काम किती बिनत्रासाचं असतं. पुढचं सगळं त्या दोन अनुभवांतून आणि डॉक्टरांच्या सांगण्यातून आलेलं आहे.

तारीख ठरवायची तर कालनिर्णय उघडून पुढचा महिना बघा. घरचं लग्न, कोकणातली सहल, पावसाळी ट्रेक, पोहण्याचा क्लास, होळी, वारी, पथक यांतलं काही असेल तर तारीख पुढे ढकला. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस मला सगळ्यात सोयीचे वाटतात : घाम कमी, आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा दिवसभर घालता येतो. उपवासाच्या दिवशी अजिबात जाऊ नका. श्रावणी सोमवारी रिकाम्या पोटी येऊन खुर्चीतच डोळ्यांपुढे अंधारी आलेली मुलं मी पाहिली आहेत.

तारखेआधी तब्येतीचा हिशेब मांडा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, नाहीतर जखम रेंगाळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लस टोचलेल्या किंवा कान टोचलेल्या जागी पूर्वी जाड, उंचवट्यासारखा व्रण आला असेल, तर टॅटूच्या जागीही तसा येऊ शकतो. सोरायसिस असलेल्यांना सुई लागलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना थांबलेलं बरं. हेपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का, हेही बघा. सरकारी लसीकरणात ती काही ठिकाणी 2002 नंतर आली आणि देशभर पोहोचायला 2011 उजाडलं, त्यामुळे आज तिशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी तिथून मिळालेली नाही. तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात.

इथे घरातून हमखास एक वाक्य येतं : “आजीनं जत्रेत गोंदवून घेतलं होतं, तिला कुठं काय झालं?” आजीला काही झालं नसेलही. पण हेपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला तोच मुळी 1989 साली, आणि भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले 1986 मध्ये. त्याआधी एकाच सुईने कुणाला काय दिलं, हे तपासायची सोयच नव्हती. जत्रेतलं यंत्र आजही एका हातावरून दुसऱ्या हातावर जाताना दिसलं, तर तिथून पुढे चला.

दुकान निवडताना भिंतीवरच्या फोटोंपेक्षा टेबल बघा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावरची मुदत वाचा. रंग मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणांत काढला पाहिजे आणि उरलेला फेकला पाहिजे, परत बाटलीत नाही. हातमोजे नवे हवेत, आणि त्याच हातांनी फोन उचलला तर पुन्हा बदलायला हवेत. स्टीलचे भाग पुन्हा वापरत असतील तर ते ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंशांना, दाबाखालच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटं ठेवावे लागतात. नुसतं उकळल्याने सगळे जंतू मरत नाहीत. रंग फिका करायला नळाचं पाणी तर नाहीच, बाटलीतलं शुद्ध पाणीही चालत नाही, निर्जंतुक केलेलंच हवं. अमेरिकेत रॉचेस्टर इथे 2011 च्या अखेरीला 19 जणांना एकाच तयार करड्या शाईतून त्वचेचा चिवट संसर्ग झाला. ती शाई कारखान्यातच ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ केलेली होती. हे प्रश्न विचारल्यावर जो कारागीर चिडतो त्याच्याकडे हात देऊ नये. चांगला कारागीर स्वतःच दाखवतो.

मजकूर मराठी असेल तर आणखी एक काम आहे. कारागिराला मराठी वाचता येतंच असं नाही, आणि संगणकावर फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मजकूर कागदावर शुद्ध लिहून न्या. हातावर छाप उमटवल्यावर, सुई लागायच्या आधी, एक-एक अक्षर मोठ्याने वाचा, सोबत्यालाही वाचायला लावा. छाप घेताना हात नैसर्गिक सैल सोडा. पिळून धरलेल्या हातावर सरळ दिसणारी ओळ नंतर वाकडी होते. अक्षरं फार बारीक नकोत. वर्षं जातात तसा रंग किंचित पसरतो, आणि ‘ळ’, ‘क्ष’, ‘श्र’ यांच्या गाठी बुजतात. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू सर्वसाधारणपणे चालतो. दंडावरची शिवमुद्रा तिथे आडवी येते.

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. दारू चोवीस तास आधीपासून बंद. दुखू नये म्हणून ॲस्पिरिनसारखी गोळी घेऊन जाऊ नका, रक्त जास्त वाहतं. बधिर करणारं मलम ऑनलाइन मागवून हातभर थापणं आणि वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे. औषध मोठ्या भागातून रक्तात उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि झटकेही येऊ शकतात. पोटभर जेवून निघा, सोबत पाणी आणि चिक्की ठेवा, सैल कपडे घाला. ताप-खोकला असेल किंवा त्या जागी उन्हाने कातडी सोलली असेल तर तारीख बदला. ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल.

घरी आल्यावरची काळजी खरं तर सोपी आहे, फक्त रोज करावी लागते. साधं प्लास्टिक गुंडाळलं असेल तर ते काही तासांत काढायचं. वैद्यकीय दर्जाची पारदर्शक चिकटपट्टी लावली असेल तर ती काही दिवस राहू शकते. मात्र कड सुटली किंवा आतून पाणी गळू लागलं तर लगेच काढायची. आधी हात धुवा, मग बिनवासाच्या सौम्य साबणाने आणि गार किंवा कोमट पाण्याने टॅटू धुवा. घरातल्या सगळ्यांचा पंचा वापरू नका. कागदी रुमालाने टिपा, घासू नका. नंतर बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा पातळ हात. त्वचा चकचकीत तेलकट दिसली तर ते जास्त झालं. दिवसातून दोन-तीनदा एवढंच.

हळद, तूप, खोबरेल लावायचा आग्रह होईल. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि उघड्या जखमेत तिचे कण बसतात. त्याहून वाईट म्हणजे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमं. त्यातलं स्टेरॉइड लाली दाबतं, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि संसर्ग आतल्या आत वाढतो.

चार-पाच दिवसांनी पापुद्रे सुटतात आणि खाज सुटते. नखं लावायची नाहीत. फार झालं तर वरून हलकं थोपटायचं. माझी गेलेली रेघ तिथेच गेली होती, थापेबरोबर खपली सोलवटून. आंघोळ चालते, पण तलाव, विहीर, नदी, धबधबा, समुद्र यांत जखम पूर्ण भरेपर्यंत उतरायचं नाही. यकृताचा जुना आजार असलेला एक माणूस टॅटूनंतर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि समुद्राच्या पाण्यातल्या जंतूंच्या संसर्गाने दगावला. 2017 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आली आहे. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी नदीचं पाणी कसं असतं ते वेगळं सांगायला नको. गुलालही लांबच ठेवा. जखम ओली असेपर्यंत सनस्क्रीन नको, कपड्याने झाका. ती बरी झाली की मात्र सनस्क्रीन कायमचं, कारण रंग उन्हानेच विटतो.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, रंगमिश्रित पाणी येणं ठीक आहे. प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा हवा. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, तर दुकानदाराला फोटो पाठवत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. काही आठवड्यांनी बारीक लाल पुटकुळ्या उठल्या, किंवा काही महिन्यांनी नेमका लाल रंगाचाच भाग सुजला, तरी डॉक्टरांना टॅटूची तारीख सांगून दाखवा. पहिल्यात चिवट जंतू असू शकतात, दुसऱ्यात रंगाची ॲलर्जी. लाल रंगाबाबत ती सगळ्यात जास्त दिसते.

आणखी एक गोष्ट पथकातल्या मुलांना रक्तदान शिबिराच्या टेबलापाशी पोहोचेपर्यंत कुणी सांगत नाही. टॅटू काढल्यावर आपल्याकडच्या नियमांप्रमाणे वर्षभर रक्तदान करता येत नाही. बहुतेक पथकं उत्सवाच्या आगेमागे शिबिर घेतात. तेव्हा नियमित रक्तदाते असाल तर आधी रक्त देऊन या, अंगात नेहमीची ताकद येऊ द्या, आणि टॅटूची तारीख त्यानंतर घ्या. ती दिवाळीनंतरची निघाली तर उत्तमच.