बागकामापलीकडचं शिक्षण

प्रश्न : मी बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचं आहे. पण घरचे म्हणतात, झाडं लावायला पदवी कशाला?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पार्किंगच्या स्लॅबवर बाग करायची म्हटली, तर ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. मग मातीचा थर किती ठेवायचा, त्यात कोणती मुळं तग धरतील, पावसाचं पाणी कुठून काढायचं, हे सगळं रेखाटनावर आधीच ठरवावं लागतं. हे काम माळ्याचं नव्हे.

आपल्याकडे हा विषय मुख्यतः बी.आर्क.नंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवतात. दिल्ली व भोपाळचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय हे चांगले पर्याय आहेत. जमिनीचे उतार, माती, जलनिस्सारण, वनस्पती आणि परिसंस्था यांचा अभ्यास तिथे स्टुडिओतल्या प्रकल्पांसोबत चालतो. प्रवेशाचे निकष संस्थेगणिक वेगळे असतात, ते आधी तपासा.

तोवर रंकाळा तलावाच्या काठाचा एखादा पट्टा निवडा आणि त्याचे उतार, झाडं, पाण्याच्या वाटा कागदावर उतरवा. पोर्टफोलिओत अशी स्वतः केलेली पाहणी चकचकीत थ्रीडी चित्रांपेक्षा अधिक बोलते.