पाटी लावण्याआधी

चि. भाच्यास,


पुण्याची नोकरी सोडून जालन्यात वेबसाइट बनवण्याची कंपनी काढायचं तू मनावर घेतलंस, हे ताईकडून कळलं. इथे गिऱ्हाईक मिळेल का, या काळजीत सगळं घर आहे. गिऱ्हाईक मिळेल. मोंढ्यातले आडते, एमआयडीसीतले स्टीलवाले, बियाणं कंपन्या, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास, सगळ्यांना वेबसाइट हवी आहे. पण ती एकदा उभी राहिली की तेच गिऱ्हाईक तुझ्याकडे पुन्हा कशाला येईल? याचं उत्तर हाताशी नसेल, तर दर महिन्याला नवी दारं ठोठावावी लागतील.

हे उत्तर ज्यांना सापडलं, त्या कैलास काटकरांचंच बघ. ते मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. 1990 साली 15,000 रुपयांवर त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. 1993 साली ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ काढून ते संगणकांच्या वार्षिक देखभालीची कामं घेऊ लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांची तक्रार बहुतेकदा तीच असायची: फ्लॉपीतून शिरलेला व्हायरस. धाकटा भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होता. तो व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहून द्यायचा. त्यातूनच ‘क्विक हील’ तयार झालं. दुरुस्तीचे पैसे काम झालं की संपतात, अँटिव्हायरसचं लायसन्स मात्र मुदत संपली की पुन्हा घ्यावं लागतं. 2007 साली कंपनीने आपलं नावच क्विक हील करून टाकलं आणि 2016 साली ती शेअर बाजारात आली.

तुझ्याच धंद्यातलं उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटाचं आहे. बेन चेस्टनट आणि डॅन कुर्झियस हे दोघे ‘रॉकेट सायन्स ग्रुप’ या नावाने वेबसाइट बनवून द्यायचे. त्यांची छोटी गिऱ्हाइकं सारखी एकच मागणी करायची: आमच्या ग्राहकांना ईमेलने बातमीपत्र पाठवायचंय, तेवढं बघा. दर वेळी नव्याने तेच करायचा कंटाळा आला, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या एका फसलेल्या वेबसाइटचा जुना कोड काढून त्यांनी 2001 साली ‘मेलचिंप’ बनवलं. सहा वर्षं ते जोडधंदा म्हणूनच चाललं. 2007 साली त्यांनी वेबसाइटची कामं बंद करून सगळं लक्ष त्याकडे वळवलं. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा एक पैसा न घेता चालवलेली ती कंपनी इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीने 2021 साली सुमारे 12 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली आपल्या जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी काढली. त्याआधी ते ‘पुसा सावनी’ भेंडीचं बियाणं तयार करत होते. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला ती तेव्हा दाद देत नव्हती, म्हणून शेतकरी तेच बियाणं मागत. गिऱ्हाईक जे सारखं मागतं, तिथेच पुढचा धंदा असतो.

आता रोजच्या कामाचं. डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घे. बऱ्याच ठिकाणी ते बनवणाऱ्याच्या नावावर असतं. मग तो फोन उचलेनासा होतो, नूतनीकरण राहून जातं आणि मुदत टळून गेली की ते नाव कुणीही घेऊ शकतं. जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर बियाणेवाल्याची साइट बंद पडली, तर तुझं नाव दुसऱ्या दिवशी अख्ख्या मोंढ्यात होईल.

काम दाखवायला नेशील तेव्हा लॅपटॉप उघडू नकोस. आडत्याच्याच फोनवर, दुकानाबाहेरच्या उन्हात दाखव. मोसंबीचे ढीगभर वजनदार फोटो टाकलेले असतील, तर पान उघडेपर्यंत तो दुसऱ्याशी बोलायला लागेल. नंबरवर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे.

कोटेशनमध्ये बनवण्याचे पैसे वेगळे आणि वर्षाच्या देखभालीचे वेगळे लिही. देखभालीत काय येतं तेही लिही: बॅकअप, अपडेट, दर किंवा फोटो बदलणं, महिन्याला किती बदल. निम्मी रक्कम आधी घे. हंगाम झाल्यावर देतो म्हणणारे खोटं बोलत नसतात, पण तुझं होस्टिंगचं बिल हंगामासाठी थांबत नाही. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. तरी हिशेब पहिल्या दिवसापासून पक्का ठेव.

गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी एवढं कर. नोकरी सांभाळून आजवर जी बाहेरची कामं केलीस, त्यांतल्या प्रत्येकाची साइट झाल्यावर काय काय मागणी आली, ते एका कागदावर उतरव. तीन-चार जणांनी जे मागितलं असेल त्याखाली रेघ मार आणि तो कागद पाठव. भाड्याचं त्यानंतर बोलू.

तुझा,
मामा