बुरूज बांधण्याआधी



'क' वर्षातील सामान्य काळाच्या २३ व्या रविवारी संत लूकच्या शुभवर्तमानातला बुरुजाचा दाखला वाचला जातो (लूक १४:२८-३०). एका माणसाने बुरूज बांधायला घेतला, पाया घातला आणि पैसा संपला. मग येणारे-जाणारे त्याला हसू लागले. प्रभू येशू इथे शिष्य होण्याची किंमत सांगतो आहे, हे खरे. पण दाखला त्याने बांधकामाचा निवडला. योसेफाच्या धंद्यासाठी शुभवर्तमानात जो मूळ ग्रीक शब्द आहे, 'तेक्तोन', त्याचा अर्थ सुतार असा आहे तसाच बांधकाम करणारा असाही आहे. तेव्हा अर्धवट राहिलेली घरे आणि त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे असलेले मालक प्रभूने लहानपणापासून पाहिले असणार.

आपल्याकडेही ती आहेत. घरभेटीला निघालो की वस्तीवस्तीवर अशी घरे दिसतात: कॉलम उभे, वर गंजलेल्या सळया आणि शेजारी पत्र्याच्या खोलीत संसार. आम्हाला पाया आशीर्वादित करायला बोलावले जाते आणि पुढे घर आशीर्वादित करायला. या दोहोंच्या मधल्या काळात मात्र कोणी विचारत नाही, आणि घर मोडते ते नेमके याच काळात. भिंती उभ्या राहतात, पण नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे होतात, भावाभावांत वाटणीचा विषय निघतो, आईच्या पाटल्या गहाण पडलेल्या असतात. 'फादर, आता काय करायचं?' असे विचारत माणूस येतो तेव्हा करण्यासारखे थोडेच उरलेले असते.

दुसऱ्यांना दोष देण्याआधी आमचीच एक गोष्ट सांगतो. या धर्मग्रामात आम्ही आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात फादर्स बंगल्याच्या स्वयंपाकघराचे छत गळू लागले. आम्ही तत्त्वज्ञान शिकलेले, त्यामुळे कारणमीमांसेची सवय होती. छत गळते, म्हणजे स्लॅबला भेगा आहेत, असे अनुमान केले. तालुक्याच्या गावाहून महागडे रसायन आणले आणि दोन मुले लावून सगळा स्लॅब रंगवून घेतला. पैसे धर्मग्रामाचे होते. पुढच्या पावसात छत पुन्हा गळले. तेव्हा दर रविवारी शेवटच्या बाकावर बसणारे आपल्यातले एक म्हातारे गवंडी वर चढले. त्यांनी स्लॅबकडे पाहिलेही नाही. पन्हळीत बोट घालून पाल्याचा बोळा काढला, आणि स्लॅब व पॅरापिट यांच्या कोनात जो सिमेंटचा गोल असतो, ज्याला गवंडी वाटा म्हणतात, तो एका बाजूने सुटलेला दाखवला. पाणी तुंबायचे आणि त्या फटीतून भिंतीत उतरायचे. अर्ध्या दिवसाचे काम निघाले. आम्ही विचारले, 'काका, मागच्या वर्षी का नाही बोललात?' ते म्हणाले, 'फादर, तुम्ही विचारलं नाही.'

हे उत्तर आम्हाला फार लागले. चूक अनुमानात होतीच. पण आमच्या मनात माणसांची एक उतरंड होती आणि त्या उतरंडीत गवंडीकाका खाली होते. चूक त्याहून जास्त तिथे होती.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडात विवेक या सद्गुणाचे घटक सांगितले आहेत. त्यात शिकवून घेण्याची तयारी हा एक स्वतंत्र घटक आहे (प्रश्न ४९). त्यांचा युक्तिवाद साधा आहे. व्यवहारातल्या बाबी असंख्य प्रकारच्या असतात आणि एका माणसाला त्या सगळ्या थोड्या वेळात पारखता येत नाहीत. म्हणून ज्यांनी त्या हाताळल्या आहेत, विशेषतः वडीलधारी माणसे, त्यांच्याकडून शिकावे लागते. विद्वानही याला अपवाद नाहीत, असे ते स्पष्ट म्हणतात. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. समजले ते त्या गच्चीवर.

आपल्या जिल्ह्यात विचारण्यासारखे पुष्कळ आहे. काळ्या रानात घर बांधायचे तर पहिला प्रश्न पायाचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्याबरोबर भिंतही हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग पाहिली की समजावे, पाया मुरमापर्यंत गेलेला नाही. प्लॅस्टर करून ती भेग जाणार नाही. दुसरा प्रश्न पाण्याचा. माल ओतायला सोपा जावा म्हणून त्यात पाणी जास्त घालतात, तिथे सिमेंटची ताकद जाते. नंतर जिथे पाणी हवे, म्हणजे स्लॅबवर आळी करून निदान दहा दिवस आणि उन्हाळ्यात चौदा दिवस, तिथे टँकर परवडत नाही म्हणून चार दिवसांत हात आखडतात. घरकुल मंजूर झालेल्यांनी तर आधीच विचारावे. २०१६ साली सुरू झालेल्या योजनेत मैदानी भागासाठी एक लाख वीस हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर असे ठरले. मंजुरी मिळाली की नकाशा वाढतो, एक खोली जास्तीची, पुढे ओटा, वर जिना, आणि उरलेला भाग सावकाराच्या वहीत जातो. प्रभूने सांगितलेला बसून केलेला हिशेब तो हाच.

मग विचारायचे कोणाला? बेन सिराच्या ग्रंथाच्या ३७ व्या अध्यायात याचे मोठे मिस्कील उत्तर आहे. भित्र्याला युद्धाबद्दल विचारू नये, व्यापाऱ्याला मालाच्या किमतीबद्दल विचारू नये, आळशाला कामाबद्दल विचारू नये, अशी यादीच दिली आहे. ज्याचा फायदा आपल्या होकारात आहे, त्याचा सल्ला तराजूत घालून घ्यावा, हा त्याचा अर्थ. सिमेंटच्या दुकानदाराने किती पोती लागतील ते सांगावे, पण घर किती मोठे हवे ते त्याने सांगू नये. कर्ज देणाऱ्या माणसाला 'मला हप्ता झेपेल का?' असे विचारणारे आम्ही पाहिले आहेत! पुढे तोच लेखक आपल्या अंतःकरणाचा सल्लाही ऐकायला सांगतो आणि शेवटी परात्पराची प्रार्थना करायला सांगतो. माणसांना विचारले म्हणजे प्रार्थना नको, किंवा प्रार्थना केली म्हणजे माणसे नकोत, असे तिथे नाही.

विचारूनही फसता येते. राजा रहबामाने सल्ला घेतला नाही असे नाही. आधी म्हाताऱ्यांना विचारले, ते आवडले नाही म्हणून बरोबरीच्या तरुणांना विचारले आणि जे मनात होते तेच त्यांच्या तोंडून ऐकून घेतले (१ राजे १२). त्यात राज्याचे दोन तुकडे झाले. पाच जणांना विचारून सहावा 'हो' म्हणेपर्यंत फिरणे याला सल्ला घेणे म्हणत नाहीत. याउलट मोशेला सल्ला देणारा इथ्रो हा मिद्यानी याजक, इस्राएलच्या बाहेरचा माणूस. मोशेने त्याचे ऐकले (निर्गम १८). शेजारचा मुस्लिम फिटर किंवा हिंदू सुतार आपल्या कामात तरबेज असेल, तर त्याला विचारताना कमीपणा कसला?

वास्तुवाल्यांबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाते, म्हणून एवढेच. दार कुठे ठेवल्याने आजार येतो आणि कुठे ठेवल्याने पैसा, असल्या भाकितांवर श्रद्धा ठेवणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. चर्चच्या शिकवणीने ते वर्ज्य मानले आहे (धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद २११६). पण पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, धूर स्वयंपाकघरातून कुठल्या वाऱ्याने बाहेर जाईल, सकाळचे ऊन म्हाताऱ्यांच्या खोलीत यावे, या गोष्टी जरूर पाहाव्यात. बोअर घेतानाही पाणाड्याच्या नारळापेक्षा आसपासच्या चार विहिरींचे पाणी कधी आटते ते त्यांच्या मालकांना विचारावे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून आणि झिजलेल्या थरांतून असते, सगळीकडे सारखे नसते.

सगळ्यात कमी विचारले जाते ते घरातल्या बाईला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली हजारो माणसे गेली. नंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत शेकडो गावांतील घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा सरकारी कार्यक्रम झाला. त्यात महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे लांब दगड कसे घालायचे हे त्यांनी शिकून घेतले, घरोघरी समजावले आणि कामावर लक्ष ठेवले. आपल्या जिल्ह्यातही स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे जे काम उभे केले, त्यात आराखडा कचेरीत बसून काढायचा नाही, तर प्रत्येकाच्या रानात जाऊन शेतकरी पती-पत्नी दोघांना विचारून बांध कुठे आणि झाड कुठे ते ठरवायचे, अशी पद्धत रुजली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी उजाड गावे त्या वाटेने हिरवी झाली.

त्याच २३ व्या रविवारी दुसरे वाचन फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातून असते. संत पौल प्रेषित होता, त्याला आज्ञा करता आली असती. पण फिलेमोनाच्या संमतीवाचून काही करायचे नाही, असे त्याने ठरवले. आपल्या घरांत कर्ते पुरुष प्रेषितापेक्षा मोठे झाले आहेत की काय, असे आम्हाला कधीकधी वाटते. कर्जाच्या कागदावर बायकोचा अंगठा लागतो, पण कर्ज घ्यायचे की नाही हे तिला आदल्या रात्रीही सांगितलेले नसते. हप्ता चुकला की दारात आलेल्या माणसाला तोंड मात्र तिने द्यायचे. शनिवारी पापनिवेदनाला बसलो असता दारूबद्दल आणि रागाबद्दल ऐकतो. घरच्यांना न विचारता घर गहाण टाकले, हे पाप म्हणून अजून कोणी सांगितलेले नाही.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एक गोष्ट ठरली आहे. पावसाळ्यापूर्वीच्या दोन रविवारी पवित्र मिस्सानंतर आपल्यातले चार गवंडी, एक वायरमन आणि बँकेतून निवृत्त झालेले एक बांधव हॉलमध्ये बसतील. ज्यांना घर बांधायचे, दुरुस्त करायचे किंवा त्यासाठी कर्ज काढायचे आहे, त्यांनी नकाशा, अंदाजपत्रक, असल्यास घरकुलाचे मंजुरीपत्र आणि चालू हप्त्यांचे कागद घेऊन यावे. पैशाची बाब बंद दाराआड बोलली जाईल. पती-पत्नी दोघांनी यावे. एकटे आल्यास आम्ही परत पाठवू. गवंडीकाका पहिल्या रविवारी सकाळी नवाला फादर्स बंगल्याची गच्ची पुन्हा पाहणार आहेत. ज्यांना वाटा कसा भरतात ते शिकायचे असेल, त्यांनी तेव्हा शिडीपाशी यावे.

आपले,
धर्मगुरू