झोपेची गोळी : सोडावी, परंतु हळूहळू

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल रात्रीही चालतात. मुलगा रात्रपाळीस गेल्यावर घरातील वृद्ध आईवडिलांना शांत झोप लागावी, ही इच्छा स्वाभाविकच होय. मात्र एखाद्या दुःखद प्रसंगी थोड्या दिवसांसाठी दिलेली झोपेची गोळी अनेकदा वर्षानुवर्षे चालू राहते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधे अल्पकाळ गुणकारी आहेत. परंतु काही आठवड्यांतच शरीराला त्यांची सवय जडते. डायझेपामचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास विशीत सुमारे एक दिवस लागतो, तर ऐंशीत तीन दिवसांहून अधिक. म्हणजे कालची गोळी उतरण्यापूर्वीच आजची पोटात जाते. रात्री लघवीस उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, विस्मरण वाढते; आणि घरची मंडळी त्यास ‘म्हातारचळ’ समजतात.

हे वाचून गोळी आजच बंद करू नये. ती एकाएकी सोडल्यास थरथर, भ्रम, प्रसंगी आकडीही येते. अमेरिकेतील वैद्यकीय संस्थांच्या २०२५ च्या मार्गदर्शनानुसार प्रारंभी दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी कमी करावी. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट करू नये. आकडी अथवा मनोविकारासाठी औषध चालू असल्यास निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा.

या काळात काही दिवस झोप उणी होईल. तेव्हा दुपारची झोप आटोपती घ्यावी, सायंकाळनंतर चहा टाळावा, सकाळी उन्हात फिरावे आणि उठण्याची वेळ ठरलेली असावी.

हे साध्य होते काय? कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्येष्ठांना केवळ एक माहितीपुस्तिका दिली गेली. सहा महिन्यांत त्यांपैकी २७ टक्के व्यक्तींनी गोळी सोडली; पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. भारतातही १ मार्च २०१४ पासून यांपैकी अनेक औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यास ठेवावी लागते. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणत राहणे म्हणूनच उचित नव्हे.

या उपचारास महागडे यंत्र लागत नाही; लागतो तो डॉक्टरांचा वेळ आणि कुटुंबाचा धीर. पुढील तपासणीस येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत, ही नम्र विनंती.