भूगोलाचा अभ्यास : गावाच्या शिवारापासून ब्राझीलपर्यंत

माध्यमिक शालान्त परीक्षेच्या वेळापत्रकात भूगोलाचा दिवस बहुधा अखेरीस येतो आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही या विषयाच्या वाट्याला तीच जागा येते. गणित व इंग्रजीसाठी वर्षभर कष्ट घेणारा विद्यार्थी भूगोलाचे पुस्तक परीक्षेच्या तोंडावर उघडतो, नद्यांची आणि पिकांची नावे घोकतो व परीक्षा संपताच विसरून जातो. लेखी परीक्षेच्या ४० गुणांपैकी काही गुण अशाने पदरात पडतातही. परंतु हानी केवळ गुणांची नाही. दहावीनंतर भूगोल हा ऐच्छिक विषय होतो. उद्याचे शेतकरी, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांपैकी बहुतेकांना जमीन, पाणी व हवामान यांचा परस्परसंबंध शाळेत शिकण्याची ही अखेरची संधी असते. म्हणूनच या विषयाच्या तयारीकडे शिक्षकांइतकेच ग्रामपंचायतींनीही लक्ष देणे अगत्याचे आहे.

तुलनेची दृष्टी

राज्यात २०१८ मध्ये लागू झालेल्या दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाची मांडणी भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर आधारलेली आहे. स्थान व विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, वाहतूक अशा क्रमाने दोन्ही देश शेजारी शेजारी ठेवून अभ्यासावयाचे आहेत. दोन देशांची माहिती दोन वेगळ्या वह्यांत उतरविणारा विद्यार्थी येथे फसतो. पानाच्या मध्यभागी रेघ ओढून डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील आणि खाली ‘फरक का?’ असा एक रकाना ठेवला, तर प्रत्येक प्रकरणाचे सार एकाच पानात मावते. तिसरा रकाना भरणे हाच खरा अभ्यास होय.

लोकसंख्येचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दर चौरस किलोमीटरला ३८२ लोक राहत होते. ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर असून २०२२ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे २०.३ कोटी भरली. विद्यार्थ्याने स्वतः भागाकार केला की घनता २४ च्या आसपास येते. पण हे लोक देशभर सारखे विखुरलेले नाहीत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील घनदाट अरण्यात वस्ती विरळ, तर साओ पावलो व रिओ दी जानेरो यांच्या परिसरात ती दाट आहे. अंतर्भागाचा विकास व्हावा म्हणून १९६० मध्ये राजधानी रिओहून ब्राझीलिया येथे नेण्यात आली. आकडा, त्याचे कारण आणि त्याचा परिणाम अशी साखळी जुळली की पाठांतराचे ओझे आपोआप हलके होते.

‘भौगोलिक कारणे लिहा’

विद्यार्थ्यांना सर्वाधिक अवघड वाटणारा प्रश्न म्हणजे ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा होय. त्याचे उत्तर देण्याची रीत सातारा जिल्ह्याच्या नकाशावरून समजावून देता येते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीमुळे अडतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस देतात; पलीकडे उतरताना त्यांतील बाष्प कमी झालेले असते व हवा तापत जाते. माण आणि खटावचा दुष्काळ हा या पर्जन्यछायेचा परिणाम होय.

हे एकदा उमगले की ब्राझीलच्या ईशान्य भागातील ‘अवर्षण चतुष्कोन’ परका वाटत नाही. तेथे अटलांटिक महासागरावरून येणारे व्यापारी वारे आणि उच्चभूमीचा कडा आहे. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे आणि सह्याद्री. वारे कोठून येतात, त्यांना अडथळा कोणता आणि त्याचा परिणाम काय, या तीन पायऱ्या तीन स्वतंत्र वाक्यांत मांडल्या की उत्तर पूर्ण होते. केवळ ‘पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे’ एवढेच लिहिल्यास कारणाचे नाव सांगितले जाते, कारण सांगितले जात नाही.

नकाशा, वेळ आणि आलेख

नकाशाचे कौशल्य वाचून येत नाही, हाताने येते. दर आठवड्याला भारत आणि ब्राझीलचा एकेक कोरा आराखडा भरावा. प्रथम पुस्तक पाहून, नंतर न पाहता. शीर्षक, दिशा व सूची यांवाचून नकाशा पुरा झाला असे समजू नये. आलेख काढताना दोन्ही अक्षांवर काय दाखविले आहे ते लिहावे आणि प्रमाण नमूद करावे. ही लहान कामे घाईत राहून जातात आणि हातचे गुण जातात.

प्रमाणवेळेचे गणितही समजून करावे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते; म्हणजे ती ग्रिनिचच्या ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास पुढे असते. ब्राझीलियाची वेळ ४५° पश्चिम रेखावृत्तानुसार तीन तास मागे आहे. दोहोंतील अंतर साडेआठ तास. भारतात सायंकाळचे सहा वाजले असता ब्राझीलियात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. पूर्वेकडे वेळ पुढे आणि पश्चिमेकडे मागे, एवढे ध्यानी ठेवले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

शाळेबाहेरची प्रयोगशाळा

पाठ्यपुस्तकाचे पहिलेच प्रकरण क्षेत्रभेटीचे असून त्यात नळदुर्ग ते अलिबाग असा प्रवास आहे. पठारावरील काळी जमीन व ज्वारी मागे टाकून घाट उतरताच भातखाचरे आणि समुद्रकिनारा दिसू लागतो. इतका लांबचा प्रवास प्रत्येक शाळेला परवडणारा नाही. पण गावच्या ओढ्याच्या उगमापासून नदीपर्यंतची एका दिवसाची पायपीटही तितकीच बोधप्रद ठरते. उतार कोठे तीव्र आहे, माती कोठे साचते, विहिरी कोणत्या पट्ट्यात आहेत, याच्या नोंदी विद्यार्थ्यांनी प्रश्नावली आधी तयार करून घ्याव्यात. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारा गावनकाशा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा सोबत असावा. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा जवळ जवळ आल्या की चढ तीव्र, हे डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून पाहिलेला विद्यार्थी पुढे विसरत नाही.

पर्जन्यमापकाचा उपयोग याहून मोठा आहे. जूनपासून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी आणि महिनाअखेर तिचा स्तंभालेख काढावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. हा हिशेब पुढे नेला तर एक हजार हेक्टरच्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास शिवारावर पाचशे कोटी लिटर पाणी पडते. त्यातील किती वाहून जाते, किती मुरते आणि किती पिके घेतात, हा प्रश्न विद्यार्थी मग आपणहून विचारू लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभा ठरविते. दहावीच्या वहीतील स्तंभालेख आणि ग्रामसभेतील तो निर्णय यांत फार अंतर नाही.

ग्रामपंचायतींचा वाटा

या कामी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शाळेच्या भिंतीवर गावाचा मोठा नकाशा रंगवून घेणे, शाळेस एक पर्जन्यमापक देणे, विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखविण्याची संधी देणे, एवढे ग्रामपंचायतीला सहज करता येईल. शिक्षकांनी जूनमध्येच वर्षाचे नियोजन करून पावसाळ्यात नोंदी, हिवाळ्यात क्षेत्रभेट व अहवाल आणि जानेवारीनंतर नकाशा व प्रश्नपत्रिकांचा सराव असा क्रम ठेवल्यास परीक्षेच्या तोंडावर धावपळ उरणार नाही. त्यातून विद्यार्थ्याला गुण मिळतीलच. गावाला मिळेल तो नकाशा वाचता येणारा आणि पावसाचा हिशेब मांडता येणारा नागरिक; आणि बंधारा कोठे घालावा याची चर्चा निघेल तेव्हा त्याचे म्हणणे ग्रामसभेला ऐकून घ्यावे लागेल.